चिलखत बेतताना

चिलखत हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोहाराची ऐरण, फुललेला भाता आणि लाल झालेले पोलाद उभे राहते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलाला मावळ्यांचा सरदार किंवा रोमी शिपाई करावयाचे ठरले म्हणजे पालकही याच कल्पनेने कामास लागतात. कठीण दिसेल असे काहीतरी शोधावयाचे, त्याला चंदेरी रंग द्यावयाचा आणि ते मुलाच्या अंगावर बांधून टाकावयाचे, एवढीच त्यांची योजना असते. प्रयोगाच्या रात्री मग काय होते, हे अशा संमेलनांना जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तलवार उपसण्याची वेळ येते आणि सरदाराचा हात खांद्याच्या वर जात नाही. गुडघे टेकावयाचे असतात तेथे शिपाई ताठ उभाच राहतो. बळेच खाली बसला तर छातीवरचा पुठ्ठा वर सरकून हनुवटीला भिडतो. शिरस्त्राण नाकावर उतरते आणि तोंडचे वाक्य आतल्या आत घुमून विरते. प्रेक्षक हसतात. मुलाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि शिरस्त्राणामुळे तेही कोणास दिसत नाही.

यात मुलाचा दोष नसतो आणि पुठ्ठ्याचाही नसतो. चिलखत म्हणजे लोहारकाम, या समजुतीचा तो दोष आहे. जी वस्तू अंगावर घालावयाची ती प्रथम शिंप्याच्या नजरेने पाहिली पाहिजे. सदरा शिवण्यापूर्वी शिंपी माप घेतो, कापड बेततो, कच्चे टाके घालून अंगावर लावून पाहतो, आणि मगच पक्की शिवण मारतो. चिलखताचा क्रम नेमका हाच आहे. फरक एवढाच की कापड चुकले तर ते अंगावर सैल किंवा घट्ट होते. चिलखत चुकले तर माणूस त्यात अडकतो.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडसारख्या गावी हा विषय निव्वळ हौसेचा राहत नाही. हिंदुस्तान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीचा येथील तांब्याच्या खाणीचा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने कामगारांची वसाहत उभी राहिली. बालाघाट जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर-विदर्भासह एकाच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. मराठी बोलणारी घरे त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत, आणि नाटकाची आवडही दोन्हीकडे आहे. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या गावोगावच्या मंडया आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या मुलुखात हिवाळाभर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके यांवर या भागाचा पिंड पोसलेला आहे. झाडीपट्टीच्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे होय. परंतु एका मुलाच्या एका प्रवेशासाठी मलाजखंडहून बैहर, बालाघाट, गोंदिया असा प्रवास करून भाड्याचा पोशाख आणावयाचा हे पगारदाराच्या खिशास परवडणारे नाही. शिवाय भाड्याचे चिलखत प्रौढ नटाच्या मापाचे असते. ते दहा वर्षांच्या मुलावर सुतळीने आवळून बसवले की वर वर्णिलेला प्रसंग ठरलेलाच. तेव्हा असे चिलखत घरीच करावे लागते, आणि ते घरी उत्तम होऊ शकते.

गाव तांब्याचे, म्हणून चिलखतही तांब्याचेच करावे, असे एखाद्या उत्साही पालकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. प्रथम हे लक्षात घ्यावे की मलाजखंडला खनिज निघते, ते दळून त्यातील तांब्याचा अंश एकवटला जातो आणि तो माल बाहेर जातो. तांब्याचा पत्रा येथे होत नाही. पण समजा पत्रा मिळाला. तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच असा छातीपुरता तुकडा फक्त एक मिलिमीटर जाडीचा घेतला तरी त्याचे वजन एक किलोच्या थोडे वरच भरते. पाठीचा तुकडा तेवढाच. बाजू, खांदे, दंड हे सगळे अजून व्हावयाचेच आहे, आणि मूल मात्र पंचवीस-तीस किलोंचे आहे. तेवढ्याच मापाचा, एक सेंटिमीटर जाडीचा फोमचा तुकडा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. लहान मुलांच्या खोलीत दात्यांनी एकमेकींत अडकवून अंथरतात त्या रबरासारख्या चटया याच जातीच्या असतात. बाजारात या पदार्थाला ई.व्ही.ए. फोम म्हणतात. मुलाच्या पोशाखात पत्र्याला, मग तो तेलाच्या डब्याचा का असेना, थारा देऊ नये. कापलेल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते आणि रंगमंचावर मुले पडतात.

खऱ्या चिलखतांचा इतिहास पाहिला तर शिंप्याची ही दृष्टी काही नवी नाही, हे ध्यानात येते. भारतातील जुन्या चिलखतांचे दोन-तीन प्रकार ठळक आहेत. पहिला प्रकार जाड शिवलेल्या कापडाचा: कापसाचे थर घालून, टाके मारून केलेला अंगरखा. घरोघरची गोधडी ज्या रीतीने शिवतात त्याच रीतीने तो शिवलेला असे. दुसरा कड्यांचा. त्यात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंफलेली असते, म्हणून लोखंडाचे असूनही ते कापडासारखे झुळझुळते. तिसऱ्या प्रकारात छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर चार पत्रे पट्ट्यांनी बांधीत. फारसीत त्याला चार-आईना, म्हणजे चार आरसे, असे गोड नाव आहे. कुशीवरच्या दोन पत्र्यांना काखेखाली अर्धचंद्राकार खाच ठेवलेली असे. ती खाच नसती तर हात खाली येताच पत्र्याची कड काखेत रुतली असती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर माशाच्या खवल्यांचे आणि मगरीच्या कातड्याचे म्हणून दाखविले जाणारे चिलखतही आहे. साहित्य काहीही असो, अंगाशी जुळवून घेणे हा भाग कोठेही चुकलेला नाही.

जिरेटोप या शब्दाचाही येथे उलगडा होतो. जिरे म्हणजे फारसी ‘जिरह’, अर्थात कड्यांचे चिलखत. जिरेटोप म्हणजे मुळात कड्यांची झालर असलेले लोखंडी शिरस्त्राण. पुढे चित्रांनी आणि पुतळ्यांनी या शब्दाला जी डौलदार पगडीसारखी आकृती चिकटवली तीच आज मुलांना ठाऊक असते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली तेव्हा शिवाजी महाराजांच्या अंगावर चिलखत होते असे परंपरा सांगते, पण ते वस्त्राच्या आत होते. भेटीला जाणाऱ्याचे चिलखत दिसले असते तर भेटच झाली नसती! आमच्या संमेलनांतून मात्र हा प्रवेश करणाऱ्या मुलाला वरून चंदेरी चिलखत घालून पाठवतात. प्रेक्षकांना ते दिसले पाहिजे हे खरे. तरी एकदा तरी एखाद्या शिक्षकाने साध्या अंगरख्याच्या आत हलके चिलखत घालून खानाचा वार होताच अंगरखा फाटून ते चमकेल अशी योजना करून पाहावी. नाट्य त्यात अधिक आहे आणि चिलखत करण्याचे कष्ट निम्मे आहेत.

रोमी शिपायाचे प्रकरण निराळे. ख्रिस्ती वस्त्यांतून येशूच्या दुःखसहनाचे प्रवेश होतात तेव्हा रोमी शिपाई अटळ असतात, आणि सर्वांच्या मनातला रोमी शिपाई आडव्या पट्ट्यांचे चिलखत घातलेला असतो. रोम शहरातील सम्राट ट्राजनच्या विजयस्तंभावर, म्हणजे इ. स. ११३ च्या शिल्पात, तो तसा कोरलेला आहे. मात्र या पट्ट्या एकमेकींना कशा जोडलेल्या असत हे कोडे फार काळ सुटले नव्हते. १९६४ साली उत्तर इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिज येथील रोमी ठाण्याच्या उत्खननात जमिनीत पुरलेली एक पेटी सापडली. तिच्यात अशा चिलखतांचे भाग होते. त्यांवरून असे दिसून आले की पत्रे एकमेकांना थेट जोडलेले नव्हतेच. आतून चामड्याच्या उभ्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पत्रा त्या पट्ट्यांवर रिव्हेटने बसवलेला होता. शिपाई वाकला की पत्रे एकमेकांवर सरकत, सरळ झाला की पुन्हा पसरत. लोखंड कडकच राहिले. वाकण्याचे काम चामड्याने केले. घरी चिलखत करणाराने लक्षात ठेवावयाची युक्ती ती हीच. कडक तुकडा कडक तुकड्याला कधीही जोडू नये. दोहोंच्या मधे काहीतरी मऊ असले पाहिजे.

इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. पिलाताच्या हाताखालचे शिपाई बहुधा स्थानिक सहायक पलटणींतले होते आणि त्यांच्या अंगी आडव्या पट्ट्यांपेक्षा कड्यांचे चिलखत असण्याचा संभव अधिक. तेव्हा ज्या पालकांना पट्ट्यांचा खटाटोप नको असेल त्यांनी निःशंकपणे कड्यांचे चिलखत करावे. रंगभूमीवर ते करण्याची जुनी रीत फारच सोपी आहे. जाड सुतळी किंवा जाड लोकर मोठ्या सुयांवर सैल विणून सदरा करावयाचा आणि वरून ॲल्युमिनियमचा रंग कोरड्या कुंचल्याने हलकेच ओढावयाचा. दहा पावलांवरून ते विणकाम आहे हे ओळखणाऱ्यास ओळखता येत नाही. घरातील विणणाऱ्या हातांना चार-पाच संध्याकाळींचे हे काम आहे, आणि मूल त्यात हवे तसे वाकते.

आता बेतण्याकडे वळू. माप घ्यावयाचे ते उघड्या अंगावर घेऊ नये. चिलखताच्या आत जे कपडे घालावयाचे ते सगळे घालून मगच फीत लावावी. आत एक पातळ गादीची बंडी असावी हे उत्तम. जुन्या सुती साडीचे तीन-चार थर देऊन गोधडीच्या टाक्यांनी ती घरी शिवता येते. ती घाम टिपते, कडा टोचू देत नाही आणि पट्ट्या खांद्यात रुतू देत नाही. या बंडीवर छातीचा घेर घेताना मुलाला खोल श्वास घ्यावयास सांगावे आणि भरलेल्या छातीचे माप धरावे. रिकाम्या छातीवर बेतलेले चिलखत उभ्याने ठीक वाटते. धावून आल्यावर त्यात दम घुसमटतो.

उंचीचे माप सर्वांत अधिक चुकते. उरस्त्राण, म्हणजे छातीवरचा भाग, कंबरेशी संपला पाहिजे, आणि कंबर म्हणजे जेथे पट्टा बांधतात ती जागा नव्हे. बाजूला वाकले असता जेथे घडी पडते ती खरी कंबर. ती बरगड्यांच्या थोडी खाली आणि बेंबीच्या आसपास असते. उरस्त्राण त्या रेषेखाली दोन बोटे जरी उतरले तरी बसताना मांड्या त्याला खालून ढकलतात आणि ते गळ्याशी येते. युरोपातील जुनी उत्तम चिलखते पाहिली तर ती सगळी याच घडीशी संपतात व त्याखाली सरकत्या पट्ट्यांचा घेर सुरू होतो. गळ्याशी आडवी तीन बोटे मोकळी ठेवावीत. काखेशी पुढच्या बाजूने अधिक खोल खाच द्यावी, कारण हात मागे क्वचितच जातात. पुढे येतात, एकमेकांवर येतात, नमस्कारास जुळतात.

हे सगळे कागदावर आखणे ज्यांना जमत नसेल त्यांच्यासाठी एक उपाय आहे. मुलाच्या अंगात एक टाकाऊ बनियन घालावा आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे, न आवळता, सर्व बाजूंनी चिकटवावेत. गळ्याभोवती पट्टी कधीही गुंडाळू नये. अंगाचा साचा असा तयार झाला की त्यावरच पेनाने कंबर, काख, छातीची मध्यरेषा आखून घ्यावी आणि बोथट टोकाच्या कात्रीने पाठीतून उभे कापून तो काढून घ्यावा. आखलेल्या रेषांवर त्याचे तुकडे केले की नकाशासारखे सपाट बेत हाती येतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला बंडीसाठी आणि फोमच्या जाडीसाठी जास्तीची जागा धरावयास विसरू नये. एक सेंटिमीटर जाड फोम अंगाभोवती फिरला की घेरात सहा सेंटिमीटरांची भर पडते. हे गणित शाळेतल्या वर्तुळाच्या परिघाचेच आहे, पण ते कात्री हातात असताना आठवत नाही!

पहिले चिलखत नेहमी पुठ्ठ्याचे करावे. ते टाकून देण्यासाठीच असते. किराणा दुकानातल्या खोक्यांचा पुठ्ठा फुकट मिळतो. त्याच्या आत उभ्या नळ्या असतात. त्या नळ्या मुलाच्या अंगाच्या उभ्या दिशेने येतील असा तुकडा कापला आणि लाटण्यावरून गोल फिरवून घेतला तर तो गोलाई धरतो. आडवा कापला तर मोडतो. हे तुकडे कागदी पट्टीने तात्पुरते जोडून मुलाला घालावेत आणि मग त्याच्याकडून कवाईत करून घ्यावी. खुर्चीवर बसावे, गुडघे टेकावेत, जिना चढावा, तलवार डोक्यावर उचलावी, खाली पडलेले पेन उचलावे, आणि कोणाच्या मदतीशिवाय शौचास जाता यावे. जेथे अडते तेथे पुठ्ठा कापावा. ही एक संध्याकाळ वाचवण्याच्या नादात अनेक पालक पुढचे सगळे काम वाया घालवतात.

पुठ्ठा निर्दोष झाला म्हणजे त्याचे बेत फोमवर उतरावेत. फोमला गोलाई देण्यासाठी त्याला उष्णता लागते. केस वाळवण्याचे यंत्र पातळ फोमला पुरते, जाडाला कारागीर वापरतात ते अधिक उष्ण हवेचे यंत्र लागते. फोम तापून मऊ झाला की पालथ्या मडक्यावर किंवा पातेल्यावर दाबून निवेपर्यंत धरून ठेवावा. निवल्यावर तो आकार सोडत नाही. जोडण्यासाठी चपलांना लावतात ते सोल्यूशन वापरावे. दोन्ही कडांना पातळ लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे, आणि मग एकदाच नीट दाबावे. दुसरी संधी मिळत नाही. या सोल्यूशनची वाफ डोके फिरवणारी आणि पेट घेणारी असते, तेव्हा हे काम अंगणात, चुलीपासून आणि मुलांपासून दूर, मोठ्यांनीच करावे. फोम तापवण्याचेही तेच. रंगापूर्वी पांढरा गोंद पाण्यात कालवून त्याचे तीन हात द्यावेत, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. आधी काळा रंग, त्यावर कोरड्या कुंचल्याने चंदेरी, आणि कडांवर थोडी अधिक चमक, एवढ्याने दिव्यांच्या उजेडात पोलाद उभे राहते.

पट्ट्यांच्या कामात मात्र घरच्या माणसाने फुशारकी मारू नये. बाजारात बसणारा चर्मकार निवारीच्या किंवा चामड्याच्या पट्टीला बक्कल आणि रिव्हेट ज्या सफाईने मारतो ती सफाई घरी येत नाही, आणि त्याची मजुरी चिलखताच्या एकंदर खर्चात नगण्य असते. खांद्यावरून दोन पट्ट्या, कुशीला दोन-दोन बकले, आणि कंबरेला एक रुंद पट्टा हवा. हा कंबरपट्टा शोभेसाठी आहे असे समजून अनेक जण तो वगळतात. ओझे सगळे खांद्यांवर राहिले तर अर्ध्या तासात मान दुखू लागते. कंबर कसली की निम्मे ओझे नितंबांच्या हाडावर उतरते. कड्यांचे चिलखत घालणारे शिपाईही वरून पट्टा आवळून सदरा थोडा वर फुगवून घेत, तो याचसाठी. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शस्त्रसामग्रीचे जे रूपक आहे, त्यातही आरंभ कंबर कसण्यापासून आहे आणि उरस्त्राण त्यानंतर येते. पौल बंदिवासात रोमी शिपायांच्या पहाऱ्यात राहिलेला माणूस होता. चिलखत चढवण्याचा क्रम त्याने रोज पाहिला असला पाहिजे.

खांद्यावरची ढापणे उरस्त्राणाला चिकटवू नयेत. ती खांद्याच्या पट्टीला लोंबती ठेवावीत, म्हणजे हात वर जाताना तीही वर जातात. कोपराचा भाग इलॅस्टिकने धरावा. पोटऱ्यांवरचे पत्रे मागून उघडे ठेवावेत. सांध्यांचा प्रश्न किती खोल जाऊ शकतो याचे एक नवलाचे उदाहरण इंग्लंडात आहे. राजा आठवा हेन्री याच्यासाठी १५२० साली केलेल्या, पायउतार होऊन लढावयाच्या चिलखतात शरीराचा एकही भाग उघडा नाही, तरी सगळे सांधे हलतात. १९६० च्या दशकात अंतराळवीरांचे पोशाख बेतणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी त्या सांध्यांचा अभ्यास केला होता. चिलखत घातलेल्या सरदाराला घोड्यावर बसवण्यास यारी लागे, ही समजूत मात्र खोटी आहे. १९४४ सालच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटाने ती फार पसरवली. लढाईचे संपूर्ण पोलादी चिलखत साधारण पंधरा ते पंचवीस किलो भरे. वजन सगळ्या अंगावर वाटलेले असल्याने ते घालून माणूस धावू शके, घोड्यावर चढू शके आणि पडला तर उठूही शके.

शिरस्त्राणाच्या बाबतीत मलाजखंडच्या घरांना कोणाकडे शिकावयास जाण्याची गरज नाही. खाणीत उतरणाऱ्याने हेल्मेट आणि संरक्षक बूट घातलेच पाहिजेत असा कायदा आहे, आणि ते हेल्मेट वसाहतीत घरोघरी खुंटीला टांगलेले असते. ते उलटे करून पाहावे. वरचे कवच डोक्याला टेकतच नाही. आत पट्ट्यांचे एक झोळीसारखे जाळे आहे, डोके त्या जाळ्यात बसते, आणि जाळे व कवच यांच्यामध्ये अडीच-तीन सेंटिमीटरांची पोकळी राहते. वरून खडा पडला तर त्याचा धक्का पट्ट्या ताणण्यात जिरतो आणि डोक्यावर एकवटत नाही. शिवाय त्या पोकळीतून वारा खेळतो. मागे एक फिरकी असते, तिने घेर लहानमोठा होतो. नाटकातल्या शिरस्त्राणाला खड्याचे भय नसले तरी बाकी सगळे गुण हवेतच. निवारीच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या बसवून असे जाळे करता येते, आणि मग टोप नाकावर येत नाही. खाणीत वापरावयाचे हेल्मेट मात्र रंगवून नाटकाला देऊ नये. त्याला भोके पाडली किंवा वाटेल तो रंग फासला तर कवच दुबळे होऊ शकते, आणि सोमवारी ते पुन्हा एखाद्याच्या जिवावरच्या कामाला जावयाचे असते.

शिरस्त्राणाने कान झाकू नयेत. मुलाला पडद्याआडची सूचना ऐकू आली पाहिजे. डोळ्यांपुढचा भाग असा ठेवावा की मान न हलवता त्याला आपले पाय आणि रंगमंचाची कड दिसावी.

आता राहिली उष्णता, आणि येथे थट्टेला वाव नाही. फोम हा उष्णता अडवणारा पदार्थ आहे. शरीराला थंड ठेवण्याचे काम घाम करतो, पण घाम वाळला तरच. फोमखाली तो वाळत नाही. शिवजयंतीचा प्रवेश फेब्रुवारीत येतो, तेव्हा या भागात हवा सुखद असते. दुःखसहनाचा प्रवेश मार्च-एप्रिलमध्ये येतो, पुष्कळदा भर दुपारी आणि उघड्यावर. मूल लहान असते, उत्साहात असते, आणि पोशाख बिघडेल या भीतीने ते काही बोलत नाही. यासाठी काखेखाली आणि पाठीच्या मध्यावर वरून न दिसतील अशा फटी ठेवाव्यात. चिलखत प्रवेशाच्या दहा मिनिटे आधीच चढवावे, सकाळपासून नव्हे. पाणी पाजून मगच शिरस्त्राण घालावे. पडद्याआड एक मोठे माणूस केवळ यासाठी उभे असावे, आणि त्याला सगळी बकले एका मिनिटात सोडता आली पाहिजेत. हे सोडणे रंगीत तालमीत घड्याळ लावून करून पाहावे. चेहरा लाल झाला, बोलणे अडखळले, मळमळले किंवा गरगरले, तर प्रवेश तेथेच थांबवावा. मुलाला सावलीत नेऊन चिलखत काढावे, अंगावर ओले फडके फिरवून वारा घालावा, शुद्धीवर असेल तर पाणी द्यावे. बोलण्यात भ्रम दिसला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

प्रयोग झाल्यावर चिलखत लगेच पिशवीत कोंबू नये. आतली बंडी धुवून वाळवावी आणि फोमचे भाग सावलीत उलटे टांगावेत. उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला फोम पुन्हा मऊ पडून आपला आकार टाकतो. पाठीचा भाग उशीसारखा जुन्या कपड्यांनी भरून ठेवला तर गोलाई टिकते. कुशीच्या पट्ट्यांना चर्मकाराकडून आधीच तीन-चार जास्तीची भोके पाडून घेतली असतील, तर तेच चिलखत पुढल्या वर्षीही त्या मुलाला बसते, आणि त्याच्या पुढल्या वर्षी धाकट्या भावंडाला. शिरस्त्राणाचे जाळे तेवढे दर वेळी नव्याने जुळवावे लागते.